क्रियापद कळले की इंग्रजी कळले

इंग्रजीला बिचकणाऱ्या माणसाला विचारावे, "अहो, तुमचे नेमके अडते कुठे?" तो हमखास सांगेल, "शब्द सुचत नाहीत." मला हे काही पटत नाही. शब्दांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. टेबल, कप, बशी नव्हे तर 'सॉसर', स्टेशन, तिकीट, डॉक्टर, ऑपरेशन, रेशनकार्ड, मोबाईल, बॅलन्स – आमच्या शिवडी नाक्यावरच्या भाजीवालीचे एक तासभराचे बोलणे ऐकावे; त्यात इंग्रजी शब्द इतके सापडतील की एखादा साहेबही चकित होईल. मग तीच बाई इंग्रजीत एक साधे वाक्य बोलायची वेळ आली की गप्प का होते?

याचे कारण असे की, हे सारे शब्द आपण उसने आणतो खरे; पण ते ओढण्यासाठी बैल मात्र आपले घरचे जुंपतो. 'फोन कर', 'गाडी लेट झाली', 'तिकीट बुक केलेस का?', 'साहेबांनी मला वॉर्निंग दिली' – या प्रत्येक वाक्यात माल विलायती आहे, पण 'कर', 'झाली', 'केलेस', 'दिली' ही क्रियापदे शुद्ध मराठी आहेत. 'बुक' हे इंग्रजीत स्वतःच क्रियापद आहे. तरी आपण त्याला गाडीत बसवतो आणि गाडी 'करणे' या आपल्या बैलाकडून ओढवून घेतो! म्हणून सगळे वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ आली की मालाने भरलेली गाडी जागच्या जागी उभी राहते. अडते ते शब्दांवाचून नव्हे, क्रियापदावाचून.

मी शिवडीत राहते. मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी चार मुले वह्या घेऊन घरी येतातच. कोणी बीडीडी चाळीतला, कोणी कोळीवाड्यातला, कोणाचे वडील गोदीत, कोणाचे आजोबा गिरणीत होते. १९८२ सालच्या संपानंतर ज्या घरांतली चूल मंदावली, त्या घरांतली नातवंडे आता दहावी-बारावीला आहेत. या मुलांच्या आईबापांना एकच घोर असतो – "बाई, पोराला इंग्रजी येईल ना?" आणि या घोरापायी पुष्कळ घरांत धाकट्या भावंडाला ऐपत नसताना इंग्रजी शाळेत घातले जाते. तिकडे फी भरता भरता आईच्या बांगड्या जातात, आणि मुलाला ना धड इंग्रजी येते ना धड मराठी.

माझा एक विद्यार्थी पदवीधर झाला, हिशेबात हुशार, अक्षर मोत्यासारखे. एका कंपनीत मुलाखतीला गेला. साहेबांनी अगदी सोपा प्रश्न विचारला, "डू यू लिव्ह इन सिवरी?" तो म्हणाला, "येस सर, आय ऍम लिव्ह इन सिवरी." टेबलापलीकडची दोन माणसे एकमेकांकडे पाहून हसली. पुढच्या प्रश्नांची उत्तरे त्याला येत होती, पण तोंडातून शब्द फुटेना. घरी येऊन तो आईला म्हणाला, "आई, आपल्याला हे जमायचे नाही." त्याला शब्द सगळे येत होते. घोटाळा झाला तो एवढ्याशा 'ऍम'चा. आणि तो 'ऍम' तिथे का आला, हे त्याला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. ते आता सांगते.

दादोबांनी करून ठेवलेली सोय

प्रथम एक दिलासा. इंग्रजी व्याकरण आपल्याला परके वाटते, पण आपण शाळेत जे मराठी व्याकरण शिकलो त्याची मांडणी इंग्रजीच्या मांडणीशी पुष्कळ जुळती आहे. कारण ती जुळवणारा माणूस मुंबईचाच होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर १८१४ साली मुंबईत जन्मले. वसईजवळचे तर्खड हे त्यांचे मूळ गाव. १८३६ साली त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा ते अवघ्या बावीस वर्षांचे होते. एका डोळ्यासमोर संस्कृत आणि दुसऱ्या डोळ्यासमोर इंग्रजी व्याकरणाची घडी ठेवून त्यांनी मराठीची व्यवस्था लावली. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून तो विषय कळसाला नेला. सकर्मक, अकर्मक, सहाय, प्रयोजक हे जे शब्द आपण कंटाळत पाठ केले, त्यांचे जोडीदार इंग्रजी व्याकरणात बसलेलेच आहेत.

याच घराण्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक. १८७८ साली सतरा वर्षांचा एक बंगाली तरुण विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांच्या घरी येऊन राहिला. त्याला इंग्रजी बोलायला शिकवले ते डॉक्टरांच्या कन्येने, अन्नपूर्णा हिने. तो तरुण म्हणजे रवींद्रनाथ टागोर! पुढे १९१३ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनाही एकेकाळी इंग्रजी बोलायचे म्हणजे सराव लागला, आणि तो एका मराठी मुलीने करून घेतला. तेव्हा आपल्या मुलांनी लाजावे असे यात काय आहे?

याच आडनावाची 'तर्खडकरांची भाषांतर पाठमाला' तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या उशाशी असे. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले. पण मराठीतून इंग्रजीकडे चालत जाण्याची वाट तिने दाखवली, हे विसरू नये. आपणही त्याच वाटेने जाऊ.

ज्याला कर्म लागते ते, आणि लागत नाही ते

क्रियापदांची पहिली मोठी वाटणी म्हणजे सकर्मक आणि अकर्मक. इंग्रजीत ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह. 'आईने लाडू वळले' – काय वळले? लाडू. क्रिया आईपासून निघाली आणि लाडवांवर जाऊन थांबली, हे सकर्मक. 'बाळ झोपले' – काय झोपले, असा प्रश्नच उद्भवत नाही, हे अकर्मक. 'मदर मेड लाडूज' आणि 'द बेबी स्लेप्ट' यांचेही तसेच.

मराठी मुलाच्या हाती हे ओळखण्याची एक किल्ली जन्मापासून असते. क्रियापद भूतकाळात घाला आणि कर्त्याला 'ने' लागतो का पाहा. 'रामाने आंबा खाल्ला', 'सीतेने पत्र लिहिले' – 'ने' आला, सकर्मक. 'राम पळाला', 'सीता हसली' – 'ने' नाही, अकर्मक. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही; तिथे क्रियापदाकडे पाहावे. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' – बोलणारा एकच, पण क्रियापद आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे बदलले, म्हणजे सकर्मक. शिकणे, विसरणे, म्हणणे अशी थोडी क्रियापदे या किल्लीला दाद देत नाहीत – 'ती धडा शिकली', 'ती धडा विसरली' – पण तेवढी लक्षात ठेवली की काम भागते.

काही क्रियापदांना दोन कर्मे लागतात. 'आजीने नातवाला ओवाळणी दिली' – काय दिले? ओवाळणी. कोणाला? नातवाला. इंग्रजीत 'ग्रँडमदर गेव्ह द बॉय अ गिफ्ट'. इथे इंग्रजीला 'ला' हा प्रत्यय नाही. म्हणून ती जागेवरून अर्थ ठरवते – माणूस आधी, वस्तू नंतर. क्रम उलटायचा तर मध्ये 'टू' घालावा लागतो. आपण प्रत्ययाच्या भरवशावर शब्द कुठेही ठेवतो; इंग्रजीत प्रत्येक शब्दाला ठरलेल्या खुर्चीवरच बसावे लागते.

आणि काही क्रियापदे दोन्ही घरची पाहुणी असतात. आपल्या व्याकरणात त्यांना 'उभयविध' म्हणतात. 'त्याने बोट कापले' आणि 'त्याचे बोट कापले'. 'तिने दार उघडले' आणि 'दार उघडले'. मराठीत अशी थोडी. बहुतेक ठिकाणी आपण जोड्या लावतो – फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे. इंग्रजीत मात्र उभयविधांचा सुकाळ आहे. 'द बॉय ब्रोक द कप' म्हणजे मुलाने कप फोडला. 'द कप ब्रोक' म्हणजे कप फुटला. घरोघरच्या मुलांना यातले कोणते वाक्य आधी येते, हे मी सांगायला नको!

आता खरी ठेच लागते ती पुढे. मराठीत एखादी क्रिया ज्या शब्दयोगी अव्ययाने जोडली जाते, ते आपण इंग्रजीत जसेच्या तसे नेतो. 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट द मॅटर', 'तिच्याशी लग्न केले' म्हणून 'मॅरीड विथ हर', 'स्टेशनवर पोचलो' म्हणून 'रीच्ड ऍट द स्टेशन'. ही तिन्ही इंग्रजीत सकर्मक क्रियापदे आहेत. त्यांना मधला दलाल चालत नाही. 'डिस्कस्ड द मॅटर', 'मॅरीड हर', 'रीच्ड द स्टेशन' एवढेच पुरे. उलट 'माझे ऐक' आणि 'माझी वाट पाहा' यांना इंग्रजीत दलाल हवाच – 'लिसन टू मी', 'वेट फॉर मी'. अशी पंधरावीस क्रियापदे एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवावीत. येता-जाता पाठ होतात.

'आहे' नावाचे गूढ

दुसरा प्रकार क्रिया दाखवतच नाही; तो नुसता जोडतो. 'शी इज अ नर्स', 'द टी इज हॉट', 'ही बिकेम अ डॉक्टर', 'यू लुक टायर्ड'. याला इंग्रजीत 'लिंकिंग व्हर्ब' म्हणतात. इथे कर्म नसते. जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस असतो. 'ती' आणि 'नर्स' या दोन व्यक्ती नव्हेत.

मराठीत आपण 'आहे' पुष्कळदा गिळतो. 'हा माझा भाऊ', 'ही आमची चाळ', 'चहा गरम, पोळी गार' – कुठे काही अडत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापदावाचून वाक्य उभेच राहत नाही. म्हणून 'धिस माय ब्रदर' म्हणणारे मूल आपल्याच भाषेच्या सवयीने बोलत असते, त्याला मठ्ठ ठरवू नये, एवढेच सांगावे की, "बाळ, इंग्रजीत 'आहे' गिळायचे नाही हो."

आणि आता त्या मुलाखतीतल्या मुलाचा 'ऍम'. 'इज' म्हणजे आहे, 'ऍम' म्हणजे आहे, हे शाळेत पहिल्यांदा घोकवले जाते. पुढे मूल 'मी शिवडीत राहतो' हे वाक्य इंग्रजीत न्यायला लागते, आणि त्याला वाटते, 'मी' म्हटले की 'आय ऍम' म्हणायचे. जणू तो एकच शब्द! वास्तविक 'राहतो' या एकाच शब्दात क्रिया, काळ आणि माणूस सगळे आले. तसे 'लिव्ह' मध्येही आले. मग 'ऍम' कशाला? 'मी राहत आहे' असे म्हणायचे असेल तेव्हाच 'आय ऍम लिव्हिंग'. नियम सोपा आहे: मराठी वाक्यात 'आहे' स्वतंत्रपणे उच्चारता येत असेल तर 'ऍम-इज-आर' येऊ द्यावे, 'राहतो, जातो, खातो' असे एकच क्रियापद असेल तर त्याला दाराबाहेर ठेवावे.

हे 'बी' क्रियापद इंग्रजीतले सर्वांत तऱ्हेवाईक – ऍम, इज, आर, वॉज, वेअर, बीन. एकाला दुसऱ्याचा चेहरा नाही. कारण ते एक क्रियापद नसून तीन निरनिराळ्या धातूंचा एकत्र झालेला संसार आहे. आणि गंमत अशी की तिन्ही धातू आपल्या ओळखीचे आहेत! 'इज' हा आपल्या संस्कृत 'अस्ति'चा भाऊबंद. 'बी' हा 'भू' धातूचा. आणि 'वॉज' हा 'वस्' म्हणजे राहणे या धातूचा, ज्यापासून आपली 'वस्ती' आली. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या मुली असाव्यात, असे सांगितले, तेव्हापासून हे भाषांचे नाते उलगडत गेले. इंग्रजीही त्याच गोतातली. म्हणजे ज्या 'वॉज'ला आपली मुले घाबरतात, ती दूरची का होईना, मावशी आहे.

हातभार लावणारी मंडळी

तिसरा प्रकार सहाय क्रियापदांचा – ऑक्झिलरी. मुख्य क्रियापद काम करते, ही मंडळी हातभार लावतात. 'बी' आणि 'हॅव' यांचे काम आपल्या 'आहे'सारखेच: 'मी जात आहे', 'मी गेलो आहे'. पण 'डू' पाहिला की मुले गांगरतात. 'तो येतो' म्हणजे 'ही कम्स', इथवर ठीक. 'तो येतो का?' याला मराठीत एक 'का' पुरतो. इंग्रजीत कुठून तरी 'डज' टपकतो – 'डज ही कम?' आणि 'कम्स'चा 'स' नाहीसा होतो. 'ही डज नॉट कम.' हा काय चमत्कार?

चमत्कार काही नाही. आपल्याच घरी पाहा. 'ते येतात' – अनेकवचनाची खूण 'येतात' या शब्दावर आहे. आता नकार करा: 'ते येत नाहीत.' 'येत' उघडे पडले आणि खूण 'नाही'वर जाऊन बसली – नाहीत! 'तू येतोस', पण 'तू येत नाहीस'. जे आपले 'नाही' करते तेच इंग्रजीतला 'डज' करतो. मुख्य क्रियापदाच्या डोक्यावरचे ओझे तो आपल्या डोक्यावर घेतो, आणि मुख्य क्रियापद मोकळे होते. ओझे एकच असल्यामुळे ते दोघांच्या डोक्यावर एकदम असत नाही. म्हणून 'ही डज नॉट कम्स' हे चूक. भूतकाळातही तेच: 'डिड ही केम?' नव्हे, 'डिड ही कम?'. हे एकदा सांगितले की पाचवीचे पोरही पुन्हा चुकत नाही, असा माझा अनुभव आहे.

सहाय क्रियापदांतलीच एक वेगळी पंगत म्हणजे 'मोडल' – कॅन, मे, मस्ट, शुड, विल. शक्यता, परवानगी, कर्तव्य, निश्चय हे मनाचे भाव ती दाखवतात. आपल्याकडे तीच कामे 'शकणे', 'पाहिजे', 'लागणे' आणि 'करावे'तला 'वे' करतात. यांचा स्वभाव मानी. ती कोणासाठी बदलत नाहीत. 'ही कॅन्स' असे कधी होत नाही. आपले 'पाहिजे' आठवा: मला गेले पाहिजे, तुला गेले पाहिजे, त्यांना गेले पाहिजे. माणूस कोणीही असो, शब्द जागचा हलत नाही. 'मस्ट'ला तर स्वतःचा भूतकाळच नाही. 'मला जावे लागले' म्हणायचे तर 'आय हॅड टू गो' असा शेजाऱ्याकडून उसना आणावा लागतो.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक सूचना. मराठीत आदर 'तुम्ही', 'आपण', 'या बसा' यांतून दिसतो. इंग्रजीत 'यू' एकच. राजालाही आणि रंकालाही. मग आदर दाखवायचा कशाने? याच मोडलांनी. 'गिव्ह मी वॉटर' म्हणजे 'पाणी दे'. 'कुड यू गिव्ह मी सम वॉटर?' म्हणजे 'जरा पाणी देता का?'. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला दहा अवघड शब्द शिकवण्यापेक्षा 'कुड' आणि 'मे आय' हे दोन शिकवावेत.

क्रिया आणि अवस्था

काही क्रियापदे घडणारी गोष्ट सांगतात, काही असणारी. धावणे, शिजवणे, लिहिणे ही घडतात. ठाऊक असणे, आवडणे, जवळ असणे ही नुसती असतात. इंग्रजीत पहिल्यांना चालू काळाचे 'इंग' लागते, दुसऱ्यांना सहसा लागत नाही. 'आय ऍम नोइंग', 'आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स' ही आपल्याकडची नेहमीची वाक्ये. दोष कोणाचा? 'मला माहीत आहे', 'मला दोन भाऊ आहेत' – दोन्हींत 'आहे' आहे! ते 'आहे' आपण प्रामाणिकपणे इंग्रजीत नेले, एवढेच. पण इंग्रजीला 'आय नो' आणि 'आय हॅव टू ब्रदर्स' एवढेच हवे असते.

इथे दोन भाषांचा स्वभावच निराळा आहे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात व्याकरणाने कर्ता आंबा. मी आपला 'ला' लावून कडेला उभा. 'मला भूक लागली', 'मला ताप आला', 'मला राग आला' – भूक, ताप, राग येतात नि जातात. आपण त्यांचे यजमान. इंग्रजीत मात्र 'मी' पुढे सरसावतो: 'आय लाइक मँगोज', 'आय ऍम हंग्री', 'आय हॅव अ फीव्हर'. म्हणून 'टू मी मँगो लाइक' असे होऊ नये यासाठी एकच युक्ती – मराठी वाक्यात 'मला' आले की क्षणभर थांबावे आणि इंग्रजीत 'आय'ने सुरुवात करता येते का, हे पाहावे.

शिवाय आपल्याकडे कर्त्यावाचूनही वाक्य होते: 'उजाडले', 'सांजावले', 'मला मळमळते'. ही आपली भावकर्तृक क्रियापदे. इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवणे खपत नाही. कोणी नसेल तर ती 'इट'ला आणून बसवते – 'इट इज गेटिंग डार्क'. हा 'इट' म्हणजे 'ते' नव्हे. अंधार कोणी केला, हे विचारू नये.

पाठ करावी लागणारी आणि न लागणारी

आता 'गो-वेंट-गॉन'. या कोष्टकाने मुलांची झोप उडवली आहे. परंतु ही अनियमित क्रियापदे दीड-दोनशेच्या आसपास. बाकी हजारो क्रियापदे सरळ 'ईडी' लावून भूतकाळात जातात. अनियमित तीच राहिली, जी रोज तोंडात असतात. वापराने गुळगुळीत झालेल्या उंबऱ्यासारखी. आपलेही तसेच नाही का? जाणे-गेला, येणे-आला, करणे-केले, होणे-झाला, खाणे-खाल्ले. हे कोष्टक आपण कधी पाठ केले? आईच्या कडेवर बसून ऐकले. 'जा' आणि 'गेला' हे तर निराळ्या धातूंपासून आले आहेत – 'या' आणि 'गम्'. तिकडे 'वेंट' हाही मुळात 'गो'चा नव्हेच. 'वेंड' नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ दत्तक आलेला. दोन्हीकडे 'जाणे' या क्रियेनेच दत्तक घ्यावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

'ईडी'च्या उच्चाराबद्दल मात्र शाळांतून फार हयगय होते. आपली मुले 'वर्केड', 'वॉशेड' असे वाचतात. वास्तविक इथे आपले कठोर आणि मृदू व्यंजनांचे प्रकरण, जे आपण संधी शिकताना घोकतो, तेच उपयोगी पडते. शेवटी कठोर ध्वनी असेल तर 'ट' – वर्क्ट, वॉश्ट. मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर 'ड' – प्लेड, लव्ह्ड. आणि शेवटी मुळातच 'ट' किंवा 'ड' असेल तर 'इड' – वाँटिड, नीडिड. तीन ओळींचा नियम. पण वाचनाचा ढंग पालटून जातो.

राहिली 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' अशी जोडक्रियापदे. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. मग 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे का? नव्हे, सोडून देणे. परक्याला मराठी शिकवून पाहा. 'देऊन टाक', 'करून बसला', 'खाऊन घे', 'रडू लागली' यांतले टाकणे, बसणे, घेणे, लागणे समजावताना आपल्याला घाम फुटतो. ना कोणी काही टाकत, ना कोणी बसत! अशी क्रियापदे सुटी घोकू नयेत, वाक्यासकट उचलावीत. 'माय ग्रँडमदर लुक्ड आफ्टर मी' हे वाक्य ज्या मुलाने स्वतःच्या आजीबद्दल लिहिले, तो 'लुक आफ्टर' जन्मात विसरणार नाही.

घरच्या घरी

पूर्वी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून असे. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली. वर्षे वाढली, पुस्तके रंगीत झाली. भीती मात्र पुरती गेलेली नाही. कारण आपण मुलाला इंग्रजी शिकवताना त्याचे मराठी दाराबाहेर काढून ठेवायला सांगतो, चपला काढून ठेवाव्यात तसे. मी म्हणते, मराठी आत आणू द्या. ज्याला 'ने' कुठे लागतो हे कळते त्याला ट्रान्झिटिव्ह कळते. ज्याला 'नाहीत' कळते त्याला 'डज नॉट' कळते. मराठी पक्के असणे हे इंग्रजीच्या वाटेवरचे विघ्न नव्हे, ती शिदोरी आहे. फीसाठी बांगड्या मोडण्यापूर्वी आईबापांनी एवढा विचार जरूर करावा.

त्या मुलाखतीतल्या मुलाने पुढे सहा महिने माझ्याकडे दुसरे काही केले नाही. रोज संध्याकाळी दहा मराठी वाक्ये आणायची, त्यांतले क्रियापद कोणत्या जातीचे ते आधी ओळखायचे, आणि मगच इंग्रजीत न्यायचे. वाक्येही त्याच्या रोजच्या बघण्यातली. 'रोहित पक्षी हिवाळ्यात शिवडीच्या खाडीत येतात' – अकर्मक. 'हा पूल शिवडी आणि न्हावा-शेवा जोडतो' – सकर्मक. म्हणून तो 'वॉज ओपन्ड इन २०२४' असा कर्मणीही करता येतो, पण रोहित पक्ष्यांचे 'वॉज कम' होत नाही. 'खाडी चिखलाची आहे' – जोडणारे. आज तो नोकरीत आहे, आणि कचेरीतल्या नव्या मुलांना पत्रे लिहायला शिकवतो. त्याची धाकटी बहीण मराठी शाळेतूनच दहावी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत फराळाच्या ताटाभोवती सगळी जमलेली असताना एक खेळ खेळून पाहा. घरात त्या क्षणी जे जे चालले असेल त्याचे एकेकाने एकेक वाक्य करायचे. आई करंज्या तळते, बाबा पेपर वाचतात, ताईला चकली आवडते, पणती विझली, आजोबांना झोप लागली. आधी क्रियापदाची जात सांगायची, मग इंग्रजी. ज्याचे बरोबर येईल त्याला एक लाडू. ज्याचे चुकेल त्यालाही एक, पण त्याने चूक का झाली हे सांगितल्यावर. हसायचे ते सगळ्यांनी मिळून हसावे, कोणा एकाला हसू नये. लाडवांचा डबा रिकामा होईतो पाचपन्नास क्रियापदे घरातली होऊन जातील.